लाल स्वेटर

"वहिनी, स्वतःला किती दोष द्याल? झालं ते झालं," सहादू पानावर बसत म्हणाला.

झुंबरबाईने त्याला गरम पुरी वाढली. आज तिच्या नवऱ्याचं, रंगनाथचं वर्षश्राद्ध. विंचुरातले चार भाऊबंद येऊन जेवून गेले होते. पोटची लेक हर्षाली नाशिकहून आली नव्हती. येणार तरी कशी? "अण्णांना तूच मारलंस," असं बाराव्याला म्हणून गेली, ती गेलीच. वर्षभरात एक फोन नाही. दर महिन्याला येऊन विचारपूस करणारा एकटा सहादू, रंगनाथचा पेट्रोल पंपावरचा जोडीदार.

"मला परत एकदा सांगा भाऊजी, नक्की काय झालं," ती म्हणाली.

"किती वेळा ऐकाल? पाइपातून पेट्रोल धावलं, की टँकरवर वीज साठते. दिसत नाय डोळ्यांना. म्हणून टँकर खाली करायच्या आधी त्याला तारेचा चिमटा लावायचा. मग ती तारेतून जमिनीत उतरते. चिमटा मी लावला होता, ह्या हातानं. मग ठिणगी आली कुठून? दादाच्या अंगातल्या स्वेटरमधून! नायलॉन लय वाईट, वहिनी. चौकशीला आलेल्या साहेबांनाबी मी तेच सांगितलं."

झुंबरबाईने डोळ्यांना पदर लावला. लासलगावच्या बाजारातून स्वस्तातली लाल नायलॉनची लोकर तिनेच आणली होती. घाईत एक बाही आखूड झाली. पौषातल्या कोरड्या थंडीत रंगनाथ अंधारात तो स्वेटर काढायचा तेव्हा चटचट ठिणग्या उडायच्या, केस उभे राहायचे. "काय गं, नवऱ्याला शॉक देतेस होय?" म्हणून तो हसायचा. आणि तीही मेली खुशाल हसायची!

त्या सकाळी तो स्वेटर घालायला तयार नव्हता.

"अगं, पंपावर हा..."

"गारठून मरायचंय का? मुकाट्यानं घाला!" तिने त्याला पुढे बोलूच दिलं नव्हतं.

हेच वाक्य तिला वर्षभर झोपू देत नव्हतं. विणायच्या सुया तिने विहिरीत टाकून दिल्या होत्या. लेक बोलते ते खरंच आहे, असं तिने कधीच कबूल करून टाकलं होतं.

"झुंबरबाई हाय का घरात?"

दारात कलाबाई उभी होती. पंपासमोर तिची चहाची टपरी होती. आगीनंतर टपरी उठली आणि म्हातारी लेकाकडे मनमाडला निघून गेली.

"ये मावशी, जेवायला बस."

"बसते गं. आधी तुझी ठेव घे. टपरीचं सामान पोत्यात बांधून ठेवलं होतं, ते लेकानं परवा सोडलं. त्यात हे निघालं. जीव चरकला बघ माझा."

तिने पिशवी उपडी केली. लाल स्वेटर जमिनीवर पडला. एक बाही आखूड. एक टाकासुद्धा करपलेला नव्हता.

"टँकर आला तसा काढून माझ्याकडं दिला त्यानं," कलाबाई म्हणाली. "म्हणला, मावशी, पेट्रोलपाशी हा चालत नाय. जपून ठेव, बायकोनं विणलाय."

झुंबरबाई कितीतरी वेळ स्वेटर छातीशी धरून बसली. मग ती पानाकडे वळली.

"भाऊजी, चिमटा..."

पानात अर्धी पुरी तशीच होती. मागचं दार सताड उघडं होतं, आणि सहादूच्या चपला पुढच्या दारातच राहिल्या होत्या.