पाठमोरा रातवा

"नववा," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी अंक टेबलावर उघडा ठेवला. "शेवटचं चित्र बघा. रातवाच आहे की नाही?"

"पाठ आहे," काका म्हणाले. "पाठ कोणाचीही असते."

दुकानदाराने गल्ल्याला कुलूप घातलं आणि उगाचच पुन्हा काढलं. गुडघा ठणकत होता. जुन्या चित्रकथांच्या त्याच्या या दुकानात कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. रातवा, म्हणजे लांब कोट घालून रात्रीचा फिरणारा तो नायक, पहिल्यांदा आला कोणत्या अंकात? नवव्याच्या शेवटी एक माणूस पाठमोरा चालत जाताना दिसतो. ना नाव, ना चेहरा. दहाव्यात तो दार ठोठावतो, नाव सांगतो, घरात येतो. संग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात काचेची पेटी एकच होती आणि तिच्यावर पाटी लागायची होती, 'पहिलं दर्शन'. आत अंक कोणता ठेवायचा, यावरून एका ताटात जेवणारी माणसं आता एकमेकांच्या सावलीला उभी राहत नव्हती.

मतं निम्मी निम्मी पडली होती. उरले होते फक्त काका. जन्मभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवलेले हे गृहस्थ गेल्या वर्षी मंडळात आले. दर शनिवारी दाराजवळच्या स्टुलावर बसायचे, कशात पडायचे नाहीत. आज पहिल्यांदा तोंड उघडलं, तर ते असं.

दहावाल्यांनी हार झाली तर मुकाट मान्य करू म्हणून सांगितलं होतं. नववाल्यांचं तसं नव्हतं. त्यांच्या म्होरक्या डॉक्टर, आणि डॉक्टर गेल्या की त्यांच्यामागे निम्मं मंडळ जाणार. मग शनिवारी या दुकानात पालीशिवाय कोणी दिसणार नाही, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक होतं. एवढी वर्षं त्याने पुस्तकं कमी आणि माणसंच जास्त सांभाळली होती. आता त्याचाही कंटाळा आला होता, पण त्यांच्यावाचून करायचं काय, तेही सुचत नव्हतं.

"काका, म्हणून टाका नववा," तो म्हणाला. "हे भिजत घोंगडं किती दिवस ठेवायचं? चित्रकार काही वरून उतरून सांगायला येणार नाही."

"मला दहावाच पटतो."

"का पण?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "येणं म्हणजे काय, दादा? दारात उभं राहून आपलं नाव सांगायचं. हा नुसता गल्लीतून गेला. याला येणं म्हटलं, तर मग वारासुद्धा येतो की."

"पण आला कशाला होता?" डॉक्टरांनी विचारलं. डॉक्टर दातांच्या. माणसाच्या तोंडातून हवं ते काढणं हा त्यांचा धंदाच, असं मंडळात गमतीने म्हणत. आज मात्र त्यांची डाळ शिजत नव्हती.

"कशाला का येईना."

"धुळीत पावलं बघा. दारापर्यंत आलेली आहेत आणि परत गेलेली."

"म्हणजे दारापर्यंत येऊन पळाला. असल्याला तुम्ही काचेच्या पेटीत बसवणार?"

दुकानदाराला हसू आलं. "काका, नायक आहे हो तो. त्याच्यावर कशाला एवढं उखडता?"

"पुढे झाला नायक. या पानावर नाही."

डॉक्टरांनी अंक त्यांच्याकडे सरकवला. मामा, दादा, ताई, ज्याला त्याला काहीतरी नात्याने हाक मारणाऱ्या या बाई काकांशी बोलताना मात्र नुसतं तुम्ही-तुम्ही करत होत्या. रागावल्या असणार, दुकानदाराला वाटलं.

"खिडकीत मुलगी आहे," त्या म्हणाल्या.

"असेल."

"तिने त्याला पाहिलंय."

"कशावरून? डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आहेत. त्यातही शाई पसरलीय." काका अंकाकडे न बघताच बोलत होते. "आणि पाहिलं असलं तरी तिला काय कळणार? वाटेवरचा कोणीतरी माणूस."

"कळलं तिला."

"लहान आहे ती."

"लहान आहे म्हणूनच."

दुकानदाराने पाण्याचे पेले पुढे केले. कोणी हात लावला नाही.

"दहाव्या अंकात ती दार लगेच का उघडते मग?" डॉक्टर म्हणाल्या. "रात्री अनोळखी माणसाला कोण दार उघडतं? वाट बघत होती म्हणून उघडलं. नववा झालाच नसता, तर दहाव्यात याला उंबऱ्याबाहेरूनच परत जावं लागलं असतं."

"गोष्टीत जमतं तसं. लिहिणाऱ्याच्या हातात असतं."

"आणि एरवी?"

काकांनी टोपीची कड बोटांनी सरळ केली, डोक्यावर चढवली आणि टेबलाचा आधार घेत ते उठले.

"माझं मत दहावा," ते म्हणाले. "पाठ दाखवून गेलेला मी धरत नाही. मला ते जमायचं नाही. रागवा हवं तर."

संपलं, दुकानदार मनात म्हणाला. पुढच्या शनिवारी ही स्टुलं माळ्यावर टाकावीत, म्हणजे निदान झाडताना अडायची नाहीत. तो शटरकडे वळला.

डॉक्टर हलल्या नाहीत. त्यांनी अंक मिटला आणि काकांच्या हातात ठेवला.

"माझ्या शाळेच्या फाटकापाशी तुम्हीही असेच पाठमोरे होतात, बाबा," त्या म्हणाल्या. "मी ते येणं धरलं होतं."