आता दुखत नाय

मणक्याची गादी सरकल्यामुळे जिजाकाकूंचं ऑपरेशन झालं, तेव्हा नाशिकला दिलेली मनस्वी धावतच पनवेलला आली. ती परत गेली की घरात बोलायला कुणी उरणार नव्हतं. तरी आपल्यापायी लेकीचा संसार खोळंबलाय, हे काकूंना खुपत होतं.

शेवटी एका सकाळी त्या आधार न घेता ओट्याशी उभ्या राहिल्या. कमरेपासून पायापर्यंत कळ गेली, पण चेहरा हसरा ठेवून म्हणाल्या, "बघ गो, आता माजं काय दुखत नाय. तू जा तुज्या घरी. जावई वाट बगत असतील."

मनस्वीनं कपडे भरले. बॅगेची चेन लावता लावता तिचा हात थांबला.



"आई, यांचा फोन आला तर सांग ना, तुझं अजून खूप दुखतंय म्हणून."