घेटुळीची रेघ

रेघ खाली आली नाही.

उत्तराने काचेच्या नळीत अर्काचे आणखी दोन थेंब सोडले आणि स्टुलावर बसून वाट पाहिली. नळीतल्या कोमट खारट पाण्यात उंदराच्या रक्तवाहिनीची इंचभर पट्टी दोऱ्याने टांगलेली होती. दोऱ्याचं दुसरं टोक एका काडीला, आणि काडी फिरत्या ड्रमवरच्या काजळी धरलेल्या कागदाला टेकलेली. पट्टी आखडली की काजळीवर पांढरी रेघ वर चढायची, सैलावली की उतरायची. गेल्या वर्षी घेटुळीच्या मुळांचा अर्क पडताच ती मुकाट्याने उतरत होती. यंदा अर्काला जुमानतच नव्हती.

"आज शेवटचा दिवस. सोमवारपासून दुसरी वनस्पती घे," असं विद्याधर सर सकाळीच सांगून गेले होते. अंधेरीच्या त्या कॉलेजात सर एकदा बोलले की बोलले. दोन वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं आणि उत्तराला धड रडूही येत नव्हतं.

तेवढ्यात रुक्मिणीमावशी दारात आली. गिरणीचा संप फिसकटल्यापासून ती मालाडच्या बाजारात रानभाज्या विकायची आणि दिंडोशीच्या माळावरून उत्तरासाठी घेटुळीची मुळं खणून आणायची. आजही पिशवी भरून आणली होती.

"घे गं बाय. एक पण किडका नाय."

उत्तराने पिशवी घेतली नाही. "मावशी, यंदाची मुळं काम करत नाहीत. झाड तेच आहे ना?"

मावशीचा चेहरा उतरला. "लहानपणापासून घेटुळीची भाजी खातंय मी. माका घेटुळी कळाची नाय?"

उत्तराला लाज वाटली. तिने पिशवीतून एक मूळ काढलं. मुळं कुटायचं काम शिपायाचं. तिच्या हाती नेहमी भुकटीच यायची. या मुळावर पांढरा थर होता.

"हे काय लागलंय?"

"निवळी. चुन्याची. गेल्या पावसात बुरशी लागली तर किती हळहळलीस तू. म्हणून यंदा निवळीत बुडवून वाळवली. मुरंब्याक कोहळो घालतत ना, तसा."

उत्तराने मुळावरचा थर नखाने खरवडून पाहिला. चुना म्हणजे कॅल्शियम. आणि रक्तवाहिनीची पेशी आखडते ती बाहेरचं कॅल्शियम आत शिरलं की.

ती उठली. फ्रिजमध्ये गेल्या वर्षीच्या अर्काची बाटली होती. तळाशी एकाच वेळेपुरता उरला होता. तिने नळीतलं पाणी बदललं, पट्टी पुन्हा आखडू दिली आणि सगळा अर्क सोडला. रेघ उतरली. मग तिने कॅल्शियमचे थेंब टाकले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग रेघ हळूहळू चढायला लागली.

घेटुळी पेशीचं दार लावून घेत होती. बाहेर कॅल्शियमची गर्दी वाढली की ते पुन्हा ढकलून उघडलं जात होतं. घेटुळी नेमकं काय करते, हे उत्तरा दोन वर्षं शोधत होती.

तिने मावशीचे दोन्ही हात धरले. हात खरखरीत होते, नखांत चुना होता. "मावशी, तुम्ही वाचवलंत मला."

"मी? म्हणजे चुकला नाय काय?"

"चुकलं. फार बरं झालं चुकलं. पुढच्या खेपेला दोन पिशव्या आणा. एक साध्या पाण्याने धुतलेली. एक तुमच्या निवळीतली."

मावशीला काही उमगलं नाही, पण ती हसली.

कुठल्या थेंबाने काय झालं ते रेघेखाली टाचणीने लिहायची रीत होती. उतरत्या रेघेखाली उत्तराने लिहिलं, घेटुळी. चढत्या रेघेखाली कॅल्शियम लिहायचं. तिने तेही लिहिलं आणि शेजारी आणखी एक शब्द कोरला.

मावशीने एकेक अक्षर जुळवत वाचलं. "रु... क्मि... अगो, ह्या तर माझा नाव." काजळीजवळ नेलेलं बोट तिने मागे घेतलं. "पुसात ना गं."

उत्तराने कागद ड्रमवरून अलगद सोडवला आणि काजळी पक्की करणाऱ्या लाखेच्या पातळ द्रावणात बुडवून खिडकीत टांगला.

"आता नाही पुसायचं," ती म्हणाली.