हिरवी टिकली

"बाग हवी तिथे हिरवी टिकली लावा," शहराचा आराखडा करायला आलेली मॅडम म्हणाली, आणि शाळेच्या हॉलमधल्या बायका भिंतीएवढ्या नकाशाकडे सरकल्या.

सबीहा बी.कॉम. झालेली. सगळ्या तिच्या बोटाकडे बघत राहिल्या. बोट फिरत फिरत त्यांच्या गल्लीवर आलं. खाली कापडाचे लूम, वर खोल्या, आणि जिना उतरला की थेट टेम्पोच. सुताचे बीम भरलेला टेम्पो मागे येताना लेक अफीफा कुठे आहे, हे बघण्यातच सबीहाचा दिवस जायचा. बाग लांब असून काय उपयोग? खिडकीतून दिसली पाहिजे. हाक मारली की पोरीला ऐकू गेली पाहिजे. तिने टिकली नेमकी आपल्या बिल्डिंगवर चिकटवली.

"माजी पन तितंच लाव गो बाय," शेजारच्या पुतळाबाई म्हणाल्या. "तुजी पोर खेलंल, आनी मना बसाला कट्टा व्हईल."

बायका हसल्या. मग एकीचं बघून दुसरीने, सगळ्यांनी तिथेच लावल्या. गल्ली हिरवीगार झाली. छोट्या अफीफाने टाळ्या वाजवल्या.

मॅडम खूश. "एवढं एकमत आम्हाला कुठेच मिळालं नाही!" तिने मोबाइलवर फोटो काढून ऑफिसला पाठवला, आणि टिकल्यांभोवती लाल पेनाने चौकोन आखला.

"हे काय?" सबीहाने विचारलं.

"आरक्षण. बागेचं."

"पण तिथे आमची घरं आहेत."

"हो ना, मोकळी जागा तिथे नाहीच. घरं हलवावी लागतील. शहराबाहेर, पडघ्याच्या बाजूला वगैरे देतील कुठेतरी."

"आमी घराजवल बोललो," पुतळाबाई म्हणाल्या. "घरावर न्हाय."

"टिकल्या तर घरांवरच आहेत, आजी. आणि फोटो वर गेलासुद्धा."

आता सगळ्या सबीहाकडे बघत होत्या.

ती नकाशापाशी गेली आणि आपली टिकली नखाने खरवडू लागली. कड सुटली. मधला गोंद सुटेना.

"अम्मी, मत निकालो ना!" अफीफा तिची ओढणी ओढत होती. "झूला यहीं लगेगा ना?"

मॅडमने मागून सबीहाचा हात हळूच धरला.

"ताई, सांभाळून. नकाशा फाटेल."