एकदाच विचारलं

"तुम्ही आमच्याकडे राहायला या. कायमच्या," मरायका म्हणाली. "खोली तयार आहे. खिडकीतून कालवा दिसतो. याल?"

सुनेने हे विचारावं म्हणून डिम्पनाने आठवडाभर वाट पाहिली होती. आता सामान दाराशी आलं होतं आणि डब्लिनहून सुटणारं विमान गाठायची घाई होती. पण विचारलं, हे काय कमी झालं? तिने एप्रनला हात पुसले आणि शहाण्या बाईने म्हणावं तेच ती म्हणाली.

"छे गं! मी म्हातारी कशाला तुमच्या संसारात? मी मजेत आहे इथे."

आयर्लंडमधल्या स्लायगोच्या त्या टोकाला पहिल्या विचारण्याला हो म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. धो धो पावसात पायी चाललेल्याच्या शेजारी गाडी थांबवा. तो म्हणेल, नको, तेवढेच पाय मोकळे होतात. पुन्हा विचारा, तो म्हणेल, तुमची सीट ओली होईल. तिसऱ्यांदा दार उघडून त्याच्यावर ओरडा, मग तो बसेल आणि घर येईपर्यंत तुमचे उपकार मानेल. पहिल्या हाकेला गाडीत चढणारा हावरा. आणि एकदाच विचारून पुढे जाणारा त्याहून वाईट, कारण त्याला मुळात न्यायचंच नव्हतं.

पण मरायका पडली हॉलंडची. तिने पटकन सासूचे दोन्ही हात धरले. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"मला वाटलंच होतं. मी फर्गलला म्हटलं होतं, आईंचं सगळं आयुष्य इथे गेलं, त्यांना आग्रह करून अवघडवायचं नाही. तुमचा निर्णय आम्हाला मान्य आहे."

निर्णय! डिम्पनाने कुठे निर्णय घेतला होता? तिचं आणखी एकदा नको म्हणायचं राहिलं होतं. मग हो.

फेब्रुवारीत गोठलेल्या अंगणात घसरून ती पोस्टमन येईपर्यंत तशीच पडून राहिली होती. हाड मोडलं नाही, म्हणून मुलाला कळवलंही नाही. पण तेव्हापासून संध्याकाळी दार लावताना तिला एकटेपणाची धास्ती वाटायची. रेडिओ मोठ्याने लावला तरी जायची नाही.

"कोंबड्यांचंच तेवढं काय ते बघावं लागलं असतं," ती जरा सावरून म्हणाली. "तशी शेजारची फिलोमिना म्हणतेय म्हणा, मी सांभाळीन. परवाच म्हणाली."

फिलोमिना आपणहून काही म्हणाली नव्हती. डिम्पनाच तिच्या दारात जाऊन विचारून आली होती, आणि न्यायला सोपं जावं म्हणून खुराडं घासूनपुसून ठेवलं होतं.

"नाही नाही, कोंबड्यांशिवाय तुम्हाला करमायचं नाही," मरायका म्हणाली. कोंबड्या आवडायच्या तिला. रोज सकाळी फोटो काढायची.

आता उरला मुलगा, फर्गल. तो भिंतीशी पाठमोरा बसून बॅगेची चेन ओढत होता. चेन मघाशीच लागलेली होती. हा तरी इथलाच होता, ह्याच चुलीच्या उबेला वाढलेला. डिम्पनाचं दुसरं नको तयार होतं: मला तिथली भाषा कुठे येते? आणि तिसऱ्या वेळेचं हो पण तयार होतं: बरं बाबा, तू एवढा मागे लागलायस तर. फक्त त्याने तोंड उघडायचं होतं.

"यंदा हिवाळा लांबणार म्हणतात," ती त्याच्या पाठीला म्हणाली.

"मी तर ऐकलं, फारसा कडक नसणार," पाठ म्हणाली.

डिम्पना स्वतःवर चरफडली. काय बिघडलं असतं हो म्हटलं असतं तर? जीभ झडली असती? हावरी म्हणाली असती मरायका? तिला तर हावरेपणा कशाला म्हणतात हेही ठाऊक नसणार. भल्या पोरीने सरळ विचारलं आणि आपण मानपान करत बसलो. आता उलट आपणच कसं म्हणायचं, की मला न्या? असं म्हणणारं माणूसही त्या गावात जन्माला आलं नव्हतं.

फर्गल उठला. त्याने चुलीवरची किटली घेतली आणि आईच्या शेजारी आला.

"आई, चहा घे."

"नको रे. झाला माझा."

"घे गं थोडा. बाहेर गारठा आहे."

"नको, खरंच नको. तुम्हाला उशीर होईल."

"होऊ दे उशीर. घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आण तो कप. आण म्हणतो ना!"

टेबलावरचा तिचा रिकामा कप ओढून घेऊन त्याने तो काठोकाठ भरला. वर आठवणीने दोन चमचे साखर घातली आणि कप तिच्या पुढ्यात ठेवला. मग किटली हातात तशीच धरून तो जमिनीकडे बघत राहिला.

डिम्पनाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"काही म्हणजे काही विसरला नाहीस रे तू," ती हळूच म्हणाली.

"अजिबात नाही!" मरायका कौतुकाने म्हणाली. "तिकडेही पाहुण्यांना असंच करतो. नको म्हटलेलं ऐकूनच घेत नाही."