वेलचीचे बन

सत्तरीच्या गुनवोरआजींची किडनी मी कॅन्सर समजून काढली, आणि तपासणीत निघाली चरबीची साधी, निरुपद्रवी गाठ. जुना स्कॅन पुन्हा उघडला, तर चरबीचा काळा डाग ढळढळीत दिसत होता. घाईत मीच नीट पाहिलं नव्हतं.

महिन्याने आजी स्वीडनमधल्या आमच्या उमेओ शहराच्या बर्फातून वेलचीचे ताजे बन घेऊन आल्या. "कॅन्सर गेला ना रे सगळा?"

"समूळ गेला," मी म्हणालो. वर एक बनही खाल्ला.

आजींनी हळूच डब्याचं झाकण लावलं.



"अरे, रिपोर्ट आम्हा पेशंटनाही घरबसल्या ऑनलाइन दिसतो. मी तो आठवड्यापूर्वीच वाचला; तुझ्या तोंडून ऐकावं म्हणून तर बन केले होते."