आधीचं हसू

मेकॅनिक आजही आधी हसला. पडद्यावरच्या पोस्टमास्तरने अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. विनोद व्हायचाच होता, आणि याचं हसून झालंही होतं. त्याच्या बायकोने हातातलं शिवण खाली ठेवलं. या आठवड्यातली ही तिसरी वेळ.

म्हणजे हा भाग त्याचा आधीच बघून झाला होता. कधी? आणि कुणाबरोबर?

एकोणीस वर्षांच्या संसारात दोघांनी नेमाने एकत्र केलेली गोष्ट एकच, मालिका बघणं. तीही चालू मालिका, आठवड्याला एक भाग. पुढे काय होणार यावर आठवडाभर वाद, आणि हरेल त्याने चहा करायचा. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा हा माणूस मालिकेतला खुनी मात्र कधी ओळखू शकला नाही. चहा कायम त्याच्याच गळ्यात पडायचा. साखर हात सैल सोडून घातलेली असायची, तरी तिला तो चहा आवडायचा.

वर्षापूर्वी त्याने एकदम पवित्रा बदलला. चालू मालिका नकोत म्हणे, अर्धवट वाढलेल्या ताटावर कोण बसतं? ज्यांचे सगळे भाग येऊन गेलेत त्याच बघायच्या. तिने नाइलाजाने मान डोलावली, पण अट घातली. रोज एकच भाग, तोही दोघांनी मिळून. पुढचा कुणी चोरून बघायचा नाही. त्याने तिच्या तोंडाकडे टक लावून सगळं ऐकलं आणि कबूल केलं.

त्या तिसऱ्या हसण्याच्या दुसऱ्या दिवशी तो गॅरेजला गेल्यावर तिने टीव्हीवर ती पोस्टमास्तरची मालिका उघडली. दोघांचे सातच भाग झाले होते. बघून झाल्याची लाल रेघ मात्र सोळाच्या सोळा भागांखाली होती; फोनवर बघितलेलंही इथे दिसायचं. एक भाग लावून बघितला, तर बोललेला शब्द न् शब्द खाली अक्षरांत उमटत होता. घरी दोघं बघायला बसत तेव्हा ही अक्षरं कधीच नसत.

तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. ही बहीण म्हणजे आगीत ओतायला तेल कायम हाताशी ठेवणारी. तिने तिथल्या तिथे निकाल दिला. भाऊजी आणि कुणीतरी बाई, आवाज बंद ठेवून बघत असणार दोघं, कुणाला कळायला नको म्हणून. आणि भाऊजी फोन तरी उचलतात का तुझा? खरंच, हल्ली तो फोन उचलत नव्हता. मेसेज कर म्हणायचा.

मग तिने काहीतरी निमित्त काढून गॅरेजच्या मालकालाही विचारलं. तो कौतुकच करत बसला. म्हणाला, हल्ली तर इंजिनावर नुसता तळवा ठेवून बिघाड सांगतो. जेवणाच्या सुट्टीत मात्र कोपऱ्यात फोन घेऊन बसतो आणि एकटाच हसतो.

बाई असेल किंवा नसेल, तिला त्याचं तेवढं वाटलं नाही. पहिलं हसू तो दुसरीकडे कुठेतरी खर्च करत होता आणि उरलंसुरलं घरी आणत होता, हे तिला सहन होईना. सरळ विचारायची हिंमत नव्हती. तो हो म्हणाला, तर पुढे काय करायचं?

म्हणून तिने सापळा लावला. शनिवारी संध्याकाळी एक नवी मालिका सुरू होणार होती. पहिलाच भाग, अजून कुणीही न बघितलेला. आज त्याला आधी हसून यायला जागाच नव्हती. माझ्याबरोबर हसण्यासारखं याच्यात काही उरलंय का, ते आज कळेल, असं तिने मनाशी ठरवलं.

तिने टीव्ही लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"संपू दे ना ती सगळी," तो म्हणाला. "मग एकदम बघू."

"आज बघायची. बसा."

तो बसला, कोचाच्या अगदी काठावर. मालिकेत दोन भाऊ वडिलांच्या दुकानावरून भांडत होते आणि त्यांची आई दोघांना टोमणे मारत होती. बायको हसली. तोही हसला, पण क्षणभर मागाहून. पुन्हा एका टोमण्याला ती हसली, पुन्हा तो मागाहून हसला. तिने हळूच मान वळवली. तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

चोराच्या मनात चांदणं, ती मनात म्हणाली. मला किती कळलंय याचा अंदाज घेतोय. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

एवढ्यात पडद्यावर फोन वाजला. धाकट्या भावाची लहान मुलगी अपघातात गेली होती. आजी मटकन खाली बसली. इकडे बायकोला स्वतःचीच कीव आली. एकोणीस वर्षांनी आपल्याच नवऱ्याला पकडायला आपण मालिका लावून बसलोय. तिला हसू आलं, कोरडं, कडवट, पण चांगलं मोठ्याने.

तोही हसला. मनापासून हसला, मांडीवर थापसुद्धा मारली.

"भारी होतं हे," तो म्हणाला.

टीव्हीत आजी टाहो फोडत होती. नजर पडद्यावरच ठेवून बायकोने मांडीवरचं शिवणाचं कापड उचलून तोंडासमोर धरलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "अहो, कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

कापडाआड तिला हुंदका आवरेना. त्याला फक्त तिचे गदगदणारे खांदे दिसले. चुकायला नको म्हणून तो पुन्हा एकदा हसला.